व्हेलुवेच्या वाळूतून ग्रॅव्हल राईड : कोटवाइकचा टप्पा ठेवावा की टाळावा?

वारा_समोरून (उत्रेख्त)

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझी मोठी मावसबहीण पुण्याहून इकडे येत आहे. ताई नियमाने बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड, करते आणि ३०० किलोमीटरचे अंतर तिच्या अंगवळणी पडले आहे. मात्र तिचे बहुतेक सायकलिंग डांबरी रस्त्यांवरचे आहे. नेदरलँड्स म्हटले की कालव्याकाठचे सपाट सायकलमार्गच डोळ्यांसमोर येतात, म्हणून या देशाची दुसरी बाजू तिला दाखवावी असे मी ठरवले आहे. गेल्डरलँड प्रांतातील व्हेलुवेचे वालुकामय माळ, त्या दिवसांत जांभळी फुललेली हीथची बुटकी झुडपे आणि त्याला लागून पसरलेली पाइन व ओकची वने तिने सायकलवरूनच पाहावीत, अशी माझी इच्छा आहे.

मार्ग असा आखला आहे : एडे-वाखेनिंगेन स्टेशनवरून निघायचे, गिंकेलसे हायडे ओलांडून ओटरलो, पुढे हार्सकाम्प, कोटवाइक, रेडिओ कोटवाइक, हुंडरलो, मग व्हेलुवेझोम राष्ट्रीय उद्यानातून पोसबांकचा चढ आणि शेवटी आर्नहेम स्टेशन. एकूण अंतर ८० किलोमीटरच्या आसपास होते. माझ्याकडे ४० मिमी टायरची ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची सायकल, आहे. ताईसाठी भाड्याने घेणार आहे.

प्रश्न दोन आहेत. कोटवाइकच्या परिसरातील वाळूचा टप्पा मार्गात ठेवावा, की बाजूच्या पक्क्या सायकलमार्गाने पुढे जावे? आणि जिथे उतरून सायकल ढकलावी लागणारच, असा टप्पा राईडमध्ये मुद्दाम घालणे योग्य आहे का? माझे मत विचाराल तर, व्हेलुवेला जाऊन वाळू टाळणे म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाला हात जोडून परतणे होय. तरीही अनुभवी मंडळींचे मत ऐकूनच अंतिम मार्ग ठरवीन.

चाकोरी (आइंडहोवन)

वाळू अवश्य ठेवा, पण तयारीनिशी ठेवा. आमच्या ब्राबांटमध्येही वाळूच्या वाटा भरपूर आहेत आणि तिथे मी जे शिकलो ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट टायरची. ४० मिमी चालेल, परंतु तुमच्या फ्रेममध्ये जागा असेल तर ४५ किंवा ५० मिमी टायर बसवून घ्या, आणि भाड्याची सायकल निवडताना हीच पहिली अट ठेवा. ७० किलोच्या आसपास वजन असलेल्या स्वाराने ४५ मिमी ट्यूबलेस टायरमध्ये पुढे १.७ आणि मागे १.९ बार (हवेच्या दाबाचे एकक) हवेपासून सुरुवात करावी असे मला वाटते. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो, वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि चाक वाळू कापत खाली न जाता तिच्यावरून चालते. हवा कमी केल्यावर ट्यूब चिमटून होणारे पंक्चर टळावे म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत ताजे सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) असणे महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट गिअरची. वाळू सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकून ठेवा, कारण चाक रुतल्यावर ताणाखाली गिअर बदलू गेले तर साखळी अडते आणि उरलासुरला वेगही जातो. पुढे ४० दात आणि मागे ४२ दात अशी सोय असेल तर उत्तम.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हात सैल सोडणे. वाळूत पुढचे चाक आपोआप डावीउजवीकडे सरकते. प्रत्येक वेळी ते जोराने सरळ करू गेलात तर ते आडवे होऊन रुतते आणि स्वार हँडलवरून पुढे जातो. वजन किंचित मागे, सॅडलवर बसलेले, हँडलवर बोटांची नुसती साथ, नजर दहा-पंधरा मीटर पुढे आणि पेडल एका लयीत, हे जमले की अर्धे काम झाले. ब्रेक लावू नका आणि तीव्र वळण घेऊ नका. गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांपैकी जिच्यात पाइनच्या सुया पडून दबलेल्या असतील ती निवडा. दोन्ही भुसभुशीत असतील तर मधला गवताचा उंचवटा बहुधा अधिक घट्ट असतो.

घाटवाट (द हेग)

वरच्या तंत्राशी सहमत आहे, पण मूळ प्रश्नाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. पाहुणी व्यक्ती पहिल्यांदा ग्रॅव्हल बाईकवर बसणार, समोर ८० किलोमीटर, शेवटी पोसबांकचा चढ, आणि मधोमध तुम्ही तिला वाळूत उतरायला लावणार! ढकलत चालणे हे सायकलिंग नव्हे. ज्या मार्गावर लय पुनःपुन्हा तुटते, तो मार्ग नीट आखलेला नाही असेच मी मानतो. हीथ पक्क्या सायकलमार्गावरूनही तितकेच सुंदर दिसते.

थर_आणि_स्तर (डेल्फ्ट)

इथे थोडी भर घालतो, कारण ही वाळू तिथे का आहे हे कळले तर ती मार्गात ठेवायची की नाही याचा निर्णय सोपा होईल.

व्हेलुवेचे उंचवटे हे हिमयुगाचे काम आहे. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या हिमाच्या जिभांनी नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे पुढे व बाजूंना रेटले आणि त्यांचे लांबलचक बांध तयार झाले. पोसबांकचा चढ हा अशाच बांधाचा भाग आहे. पुढच्या हिमयुगात बर्फ इथवर पोहोचला नाही, पण उघड्या, थंड जमिनीवरून वाऱ्याने बारीक वाळू आणून पसरली. म्हणून एकाच राईडमध्ये तुम्हाला दोन प्रकारची जमीन लागेल : चढांवर गोटे मिसळलेली भरड, चाकाला धरणारी जमीन आणि सखल भागात पिठासारखी बारीक वाळू.

त्या वाळूवर पुढे जंगल उभे राहिले. ते माणसाने तोडले, चराई केली आणि हीथ पसरले. शेतकरी हीथची ढेपळे मातीसकट कापून मेंढ्यांच्या गोठ्यात टाकत आणि शेणात मुरलेले ते खत शेतात नेत. शतकानुशतके हे चालल्याने जमिनीवरचे पांघरूण गेले आणि वाळू वाऱ्यावर वाहू लागली. कोटवाइकजवळ १९७०च्या दशकात झालेल्या उत्खननात मध्ययुगाच्या पूर्वार्धातील एक अख्खी वस्ती वाळूखाली सापडली. वाहती वाळू थांबवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या प्रमाणावर पाइन लावले गेले. १८९९मध्ये स्थापन झालेल्या स्टाट्सबॉसबेहेर या सरकारी वनखात्याचा त्यात मोठा वाटा होता. तुम्ही ज्या सरळ रांगांच्या वनातून जाणार आहात ते वन हेच.

आज चक्र उलटे फिरले आहे. कोटवाइकरझांड सुमारे ७०० हेक्टर असून पश्चिम युरोपातील किनाऱ्यापासून दूरच्या, अंतर्भागातील वाहत्या वाळूचे ते सर्वांत मोठे क्षेत्र मानले जाते. ते मोकळे राहावे म्हणून आता तिथली झाडे मुद्दाम काढली जातात. हीथलाही हवेतून पडणाऱ्या नत्राचा त्रास आहे : जमीन सुपीक झाली की गवत हीथला मागे टाकते, म्हणून मेंढ्यांचे कळप चारले जातात आणि काही ठिकाणी वरचा थर खरवडला जातो. एवढ्या खटाटोपाने राखलेली वाळू पाहायला न जाणे मला तरी पटत नाही; मात्र ती पाहण्यासाठी तिच्यावर चाक घालायलाच हवे, असेही नाही.

वारा_समोरून

@थर_आणि_स्तर, मनःपूर्वक आभार. ताईला ही माहिती नक्की आवडेल. @घाटवाट, तुमचा मुद्दा विचारात घेतला आहे, परंतु ताईची दमछाक होईल ही काळजी मला कमी वाटते. रात्रभर सायकल चालवण्याची सवय असलेली ती आहे. मला अधिक काळजी आहे ती पडण्याची.

माळावरची (पुणे)

मी व्हेलुवे पाहिलेले नाही, पण वरचा प्रतिसाद वाचताना आमची माळराने आठवली. सासवडपासून सुप्यापर्यंतच्या गवताळ माळांना सरकारदरबारी अनेकदा पडीक जमीन म्हटले गेले आणि मोकळी जमीन दिसली की झाडे लावण्याची मोहीम निघते. तिथे राहणाऱ्या चिंकाऱ्यांना, माळावरच्या पक्ष्यांना आणि लांडग्यांना मोकळे माळच लागतात, हे पटवून देणे फार जड जाते. डच लोक माळ मोकळा ठेवण्यासाठी झाडे काढतात हे वाचून बरे वाटले.

ताईंच्या सरावाबद्दल सांगायचे तर, निघण्याआधी त्यांनी पुण्याच्या आसपास मुरमाच्या रस्त्यांवर रुंद टायरची सायकल चालवून पाहावी. मुरूम आणि वाळू एक नव्हेत, तरी चाक पायाखाली सरकत असताना घाबरून ब्रेक न दाबण्याची सवय मुरमावरच लागते. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात मात्र सायकल घेऊन मनाला येईल तिथे शिरू नये. माळावर उघड्या जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात आणि चाकाखाली ती दिसतही नाहीत.

रायनकाठ (आर्नहेम)

मी याच भागात राहतो आणि या मार्गाचे जवळजवळ सगळे तुकडे मला माहीत आहेत, म्हणून क्रमाने लिहितो.

एडे स्टेशनपासून गिंकेलसे हायडेपर्यंत काही अडचण नाही. हा माळ दुसऱ्या महायुद्धात गाजलेला आहे : १८ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश छत्रीसैनिक इथे उतरले होते. मेंढवाड्याजवळ थांबा आणि टायरची हवा तिथेच कमी करा, कारण त्यानंतर जमीन सैल होत जाते. ओटरलोला पाणी आणि खाणे उरकून घ्या. ओटरलोहून पूर्वेला होगे व्हेलुवे राष्ट्रीय उद्यानाचे दार आहे. तिकीट काढून आत गेल्यास सुंदर सायकलमार्ग आहेत, १,८०० च्या घरात मोफत वापरायच्या पांढऱ्या सायकली आहेत आणि व्हॅन गॉगच्या चित्रांचा मोठा संग्रह असलेले क्रॉलर-म्यूलर संग्रहालय आहे. पण ते स्वतंत्र दिवसाचे काम आहे, राईडमध्ये कोंबू नका.

हार्सकाम्पजवळ लष्कराचे गोळीबाराचे मैदान आहे. नकाशावर एखादी छान वाट त्यातून सरळ जाताना दिसली तरी तिकडे वळायचे नाही. फलक डच भाषेत असतात. 'फरबोडन टूगांग' आणि खाली 'आर्टिकेल ४६१' असे दिसले की तो प्रवेशबंदीचा फलक समजावा, मग तो लष्कराचा असो वा खाजगी वनाचा.

आता कोटवाइक. गावाबाहेर पाइनच्या वनातली वाट हळूहळू पांढुरकी होत जाते. आधी सुयांचा तांबूस थर असतो, मग मुळे उघडी पडलेली दिसतात, आणि एका वळणानंतर दोन्ही चाकोऱ्या घोट्याएवढ्या खोल वाळूने भरलेल्या लागतात. घोड्यांच्या टापांनी ती सगळी वरखाली झालेली असते. हा तुकडा फार मोठा नाही. सराव असलेला स्वार त्यातला काही भाग चालवतो आणि उरलेला ढकलतो. वनाच्या कडेला आलात की सायकल झाडाला टेकवून मोकळ्या वाळूत पायी जा. काठावर जमिनीलगत करड्या, फुलकोबीसारख्या भासणाऱ्या रेनडिअर लायकेनच्या, म्हणजे एका प्रकारच्या दगडफुलाच्या, गाद्या दिसतील. कोरड्या दिवसांत त्या इतक्या ठिसूळ असतात की बोटाने दाबताच चुरा होतो. उघड्या वाळूत सायकल न्यायची नाही याचे कारण तिथे पाहिल्यावर निराळे सांगावे लागत नाही. सायकल रस्त्यांवर, सायकलमार्गांवर आणि खुणा केलेल्या एमटीबी (माउंटन बाईक) मार्गांवरच चालवायची. केवळ चालणाऱ्यांसाठी किंवा केवळ घोडेस्वारांसाठी असलेल्या वाटांवर शिरू नये.

तिथून रेडिओ कोटवाइक अगदी जवळ आहे. माळाच्या मध्यावर उभी असलेली काँक्रीटची ती करडी, उंच इमारत वास्तुविशारद युलियस लुटमान यांनी आखली. १९२०च्या दशकात डच ईस्ट इंडीजशी, म्हणजे आजच्या इंडोनेशियाशी, बिनतारी संपर्क ठेवण्यासाठी ती बांधली गेली. पुढे हुंडरलोपर्यंत वनरस्ते घट्ट आहेत; वाळूत गेलेला वेळ इथे भरून निघतो. पोसबांकच्या आधी टायरमध्ये पुन्हा थोडी हवा भरा आणि उतारावर वेग आवरा, कारण रविवारी तिथे चालणारे खूप असतात.

घाटवाट

@रायनकाठ, एवढा तपशील वाचल्यावर माझा विरोध थोडा मवाळ झाला आहे. वाळूचा तुकडा छोटा असेल आणि त्याच्या शेवटी थांबून पाहण्यासारखे काही असेल, तर उतरणे खटकत नाही. माझा आक्षेप त्या मार्गांना आहे, जे केवळ अवघड म्हणवून घेण्यासाठी दर दोन किलोमीटरला स्वाराला चिखलात किंवा वाळूत ढकलतात. मात्र @चाकोरी यांनी सांगितलेल्या हवेबद्दल सावध करतो. ९० किलोच्या पुढच्या स्वाराने १.७ बारवर पाइनच्या मुळांवरून वेगाने सायकल नेली तर रिमला दणका बसतो. वाळूआधी मुळेच आहेत, असे वर लिहिलेच आहे.

चाकोरी

@घाटवाट, बरोबर आहे. वजन जास्त असेल तर ०.३ ते ०.४ बार वाढवावेत आणि मुळांवर वेग कमी ठेवावा. छोटा पंप आणि हवा मोजण्याचे साधन सोबत असले की अंदाजाने काम करावे लागत नाही.

स्टेथोस्कोप (अ‍ॅमस्टेलव्हेन)

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, ती म्हणजे गोचीड. हीथ, उंच गवत आणि वनाच्या कडा ही त्यांची आवडती ठिकाणे आहेत आणि ऑगस्टमध्ये त्यांचा वावर असतो. सायकल ढकलताना पाय गवतात जातात, म्हणून संध्याकाळी घरी गेल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि केसांच्या कडेला नीट पाहा. गोचीड सापडल्यास तेल, स्पिरिट वगैरे काही न लावता टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा, तारीख लिहून ठेवा आणि पुढचे तीन महिने त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसते का याकडे लक्ष द्या. तसे दिसल्यास किंवा ताप आल्यास डॉक्टरांना दाखवा. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम आजार वेळेवर कळला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. ताई तोपर्यंत पुण्यात परतलेल्या असतील, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना गोचीड नेदरलँड्समध्ये चावली होती हे त्यांनी आवर्जून सांगावे, कारण आपल्याकडे या आजाराचा विचार सहसा लगेच होत नाही.

माळावरची

आणि लांडगा? व्हेलुवेत लांडगे परतले आहेत असे वाचले होते.

रायनकाठ

होय. २०१८मध्ये एक मादी व्हेलुवेत कायमची स्थिरावली आणि २०१९मध्ये तिला पिल्ले झाली; सुमारे दीडशे वर्षांनंतर या देशात लांडग्यांची पिल्ले जन्मली. तेव्हापासून मेंढपाळांचे नुकसान, कुंपणे आणि संरक्षण यांवर इथे कडाक्याचा वाद चालू आहे. राईडमध्ये दिसण्याची शक्यता कमीच, पण दिसला तर थांबा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये ठेवा, पाठ न फिरवता मागे सरका आणि खाऊ टाकू नका. रानडुकरे आणि लाल हरणे दिसण्याची शक्यता त्याहून जास्त आहे.

माळावरची

आमच्याकडे धनगर पिढ्यान्‌पिढ्या लांडग्याच्या प्रदेशातच मेंढरे चारत आले आहेत. रात्री वाघुरीच्या जाळ्यात मेंढरे बंद करतात, कुत्री राखणीला असतात, आणि तरीही एखादे मेंढरू जाते. नुकसान त्यांनाही होते आणि भरपाई मिळवणे सोपे नसते, हे विसरता कामा नये. तुमचे डच मेंढपाळ आणि आमचे धनगर यांना एकदा समोरासमोर बसवायला हवे, असे मनापासून वाटते. असो, धाग्याचा विषय राईडचा आहे, म्हणून इथेच थांबते.

थर_आणि_स्तर

ऋतूबद्दल एक सूचना करतो. हीथ ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत फुलते, पण वाळू सर्वांत सैल असते तीही साधारण याच कोरड्या दिवसांत. ओलसर वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या ताणाने कण एकमेकांना धरून राहतात. ती सुकली की ही पकड जाते. त्यामुळे आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला तर तोच तुकडा बऱ्यापैकी चालवता येतो. तारखेत एक-दोन दिवस इकडेतिकडे करण्याची सोय ठेवा आणि पावसानंतरचा दिवस निवडा. केवळ सायकलिंगसाठी जायचे असेल तर नोव्हेंबर किंवा हलक्या हिमाची सकाळ उत्तम, पण तेव्हा फुले नसतात.

रायनकाठ

सहमत. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत लाल हरणांचा माजाचा काळ असतो आणि तेव्हा काही भागांत, विशेषतः पहाटे व संध्याकाळी, वाटा बंद असतात. तेव्हाचा बेत असेल तर आधी फलक पाहावेत. एरवीही इथली बहुतेक वने सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच खुली असतात. ऑगस्टच्या अखेरीस उजेड भरपूर असतो, तरी वाळूत वेळ जातो, म्हणून एडेहून सकाळी लवकर निघा. फार कोरडे पडले असेल तर वणव्याचा धोका असतो; कॅम्पिंगच्या शेगडीवर चहा करण्याचा बेत असेल तर तो रद्द करावा.

वारा_समोरून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ताईशी फोनवर सविस्तर बोललो आणि हा धागा तिला वाचून दाखवला. तिने वाळूचा टप्पा ठेवायचाच असे सांगितले. मात्र उघड्या वाळूत सायकल न नेता वनाच्या कडेला टेकवून पायी जायचे, हे तिला सर्वांत पटले. पुढच्या रविवारपासून ती मुरमाच्या रस्त्यावर सराव सुरू करत आहे. मी ४५ मिमी टायर मागवले आहेत आणि तिच्यासाठीही तेवढ्याच रुंदीचे टायर असलेली सायकल शोधली आहे. शनिवार आणि रविवार दोन्ही मोकळे ठेवले आहेत. शुक्रवारी पाऊस झाला तर शनिवारी, नाहीतर रविवारी निघू. पोसबांकच्या आधी जर खूप उशीर झाला, तर हुंडरलोहून थेट अपेलडोर्नकडे वळून तिथून गाडी पकडण्याचा पर्यायही ठेवला आहे.

एकच शंका उरली आहे. सायकली रेल्वेत नेण्याचे नियम कोणी सांगेल का?

घाटवाट

प्रत्येक सायकलसाठी दिवसभराचे वेगळे तिकीट काढावे लागते. ते तुमच्या प्रवासाच्या तिकिटाव्यतिरिक्त असते. एरवी सोमवार ते शुक्रवार सकाळी ६.३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६.३० या वेळांत सायकल नेता येत नाही, पण शनिवार-रविवारी आणि संपूर्ण जुलै-ऑगस्टमध्ये ही बंदी नसते. डब्याच्या दारावर सायकलचे चिन्ह असते, तिथेच चढा. एका ठिकाणी थोड्याच सायकली मावतात, म्हणून हीथच्या दिवसांत आर्नहेमहून परतताना एखादी गाडी सोडावी लागेल, हे वेळेच्या हिशेबात धरून चाला.